एकदम सगळीकडे

आमच्या कामाचा कोड साठाहून जास्त गिट रेपोंमध्ये विखुरलेला आहे. एके काळी तो एकच होता. विमा कंपन्यांसाठीचं अवाढव्य जावा सॉफ्टवेअर, बिल्डला लावून खाली टपरीवर चहा पिऊन आलं तरी संपलेलं नसायचं. मग मायक्रोसर्व्हिसेसची लाट आली. हप्त्याचा हिशेब करणारा भाग वेगळा, क्लेमचा वेगळा, पत्रं छापणारा वेगळा, एसएमएस पाठवणारा वेगळा असे तुकडे पाडले गेले आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा रेपो मिळाला. तुकडे कसे पाडायचे यावर मीटिंगा भरपूर झाल्या. पडलेले तुकडे रोज सांभाळायचे कसे, यावर एखादी झाल्याचं मला आठवत नाही.

रोजचे प्रश्न साधेच असतात. काल कुठल्या रेपोत काम अर्धवट सोडलं? कुठे कमिट केलंय पण पुश राहिलंय? माझ्या मशीनवरचा कोड सर्व्हरच्या किती मागे आहे? एका रेपोत 'गिट स्टेटस' म्हटलं की उत्तर मिळतं. साठ रेपोंत विचारायचं तर साठ वेळा फोल्डर बदलायचे, आणि तेवढा पेशन्स कुणाकडेच नसतो. त्यामुळे माणसं ज्या चार-पाच रेपोंत रोज हात घालतात तेवढ्यांचीच खबर ठेवतात. बाकीचे मशीनवर शिळे होत पडतात आणि कधीतरी ऐन रिलीजच्या आदल्या दिवशी त्यांची आठवण होते.

गिटमध्ये याची सोय मुळातच नाही, आणि त्यात गिटचा दोष नाही. लिनस टोरवाल्ड्सनं 2005 च्या एप्रिलमध्ये ते लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी, बिटकीपर या सॉफ्टवेअरचा फुकट परवाना बंद झाला म्हणून. कर्नल हा एकच प्रचंड रेपो. तिथे एक कमिट म्हणजे त्या क्षणी सगळा कोड कसा होता याची एकसंध नोंद. एखाद्या फंक्शनचे पॅरामीटर बदलले आणि त्याला बोलावणाऱ्या शंभर जागा बदलल्या, तर ते सगळं एका कमिटमध्ये जातं. अर्धं आत आणि अर्धं बाहेर असं होत नाही. कोडचे साठ रेपो केले त्या दिवशी आम्ही ही हमी सोडून दिली. साठ रेपोंचं मिळून एक कमिट असं काही गिटमध्ये नसतं. 'ॲटॉमिक' पुश आहे, पण तो एका रेपोतल्या अनेक ब्रँचपुरता. साठ रेपोंत एकदम कमांड चालवणाऱ्या सगळ्या स्क्रिप्टा आणि टूल्स ही या सोडून दिलेल्या हमीची भरपाई करायची धडपड आहे, असं मला आता वाटतं.

सुरुवात सगळ्यांची एका फॉर लूपनं होते. गिटला कॅपिटल सी हा पर्याय देऊन पुढे फोल्डरचं नाव दिलं की ते त्या फोल्डरमधल्या रेपोवर कमांड चालवतं, आपण 'सीडी' करत बसावं लागत नाही. दोन-तीन ओळींत काम होतं. पहिल्यांदा चालवली की भारी वाटतं. टर्मिनलवर मजकूर धो धो वाहतो आणि थांबल्यावर लक्षात येतं, की आपल्याला काहीही कळलेलं नाही. साठातल्या पंचावन्न रेपोंनी 'इथे काही बदल नाही' एवढंच लांबण लावून सांगितलेलं असतं आणि ज्या पाचांकडे खरी बातमी होती ते केव्हाच वर सरकून गेलेले असतात. वर्गात हजेरी झाल्यावर बाई पाटीवर गैरहजरांचा आकडा आणि नावं लिहायच्या, हजर असलेल्यांची नाही. स्क्रिप्टनंही तेच करायचं. ज्याचं सगळं ठीक आहे त्यानं गप्प राहायचं.

म्हणून माझी स्क्रिप्ट 'गिट स्टेटस'ला 'पोर्सेलेन' हा पर्याय देऊन विचारते. त्यानं उत्तर माणसासाठी नाही तर प्रोग्रॅमसाठी येतं: काही बदल नसेल तर काहीच छापलं जात नाही. उत्तर रिकामं आलं आणि ब्रँच सर्व्हरच्या पुढे-मागेही नसली, की पुढचा रेपो. नाहीतर रेपोचं नाव, ब्रँच, किती कमिट पुढे, किती मागे, अशी एक ओळ. साठ रेपोंचा जबाब आठ-दहा ओळींत मावतो आणि ज्या रेपोत कमांडच फसली त्यांची नावं सगळ्यात शेवटी वेगळी येतात. या शेवटच्या ओळी मिळवायला मी जितकी खटपट केली तितकी बाकी स्क्रिप्टला पडली नसेल. लूपला फसलेल्याची फिकीर नसते. तो एक रेपो गाळून पुढे जातो आणि शेवटच्या रेपोचं काम जमलं की आपणही जमलो असं सांगून मोकळा होतो.

यात एक फसवी जागा आहे आणि अनुभवी लोकही तिथे अडकलेले पाहिले आहेत. 'तुमची ब्रँच अप टू डेट आहे' असं गिट म्हणतं तेव्हा ते सर्व्हरशी बोललेलं नसतं. शेवटचं फेच झालं त्या वेळी सर्व्हर कसा होता, याच्याशी ताडून ते बोलतं. तीन महिन्यांत फेच केलं नसेल तर ते तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट आजची म्हणून सांगेल, तेही निर्धास्तपणे. त्यामुळे आधी सगळीकडे फेच, मग प्रश्न. फेच निरुपद्रवी आहे. ते तुमच्या फाइलींना हात लावत नाही, तुमच्या ब्रँचला लावत नाही, फक्त सर्व्हरवरची बातमी आणून ठेवतं.

पण साठ फेच एकामागून एक केले तर मिनिटं जातात, म्हणून माणूस 'एक्सआर्ग्ज'ला पी हा पर्याय देऊन आठ-दहा एकदम सोडायला लागतो. मोह इतका, की एका सहकाऱ्यानं थेट साठच्या साठ एकदम सोडले. त्यातले बरेच 'समोरून कनेक्शन बंद झालं' म्हणत परत आले आणि त्याला वाटलं, सर्व्हर पडला. सर्व्हर ठणठणीत होता. एसएसएचच्या सर्व्हरला 'मॅक्सस्टार्टअप्स' नावाची मर्यादा असते. मूळ सेटिंगमध्ये ओळख पटायची बाकी असलेली दहा कनेक्शनं झाली की पुढच्यांतली काही तो चिठ्ठी टाकल्यासारखी नाकारायला लागतो, आणि शंभर झाली की सरसकट सगळीच. पासवर्डचा घोळ आणखी वेगळा. जिथे गिट पासवर्ड विचारतं तिथे आठ गिट एकाच टर्मिनलवर एकदम विचारायला लागतात आणि आपण टाइप केलेलं कुणाच्या पदरात पडतंय ते कळायला मार्ग नसतो. त्यावर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, 'गिट टर्मिनल प्रॉम्प्ट'. ते शून्य केलं की गिट विचारत न बसता सरळ फसतं, आणि फसलेल्यांची यादी तर आपण शेवटी छापतोच.

हे सगळं मी हौसेनं केलं होतं. त्याचा खरा कस लागला तो डिसेंबर 2021 मध्ये.

लॉगफोरजे ही जावातली नोंदी ठेवण्याची लायब्ररी. अलिबाबाच्या क्लाउड सुरक्षा विभागातल्या एका संशोधकानं तिच्यातलं भोक 24 नोव्हेंबरला अपाची फाउंडेशनला कळवलं होतं. 10 डिसेंबरच्या शुक्रवारी ते जगभर झालं. नोंदवायच्या मजकुरात एका ठरावीक साच्यातली अक्षरं आली की लायब्ररी जावाच्या जेएनडीआय या सोयीमार्फत ती अक्षरं सांगतील त्या बाहेरच्या सर्व्हरकडे जायची आणि तिथून आलेला कोड चालवायची. लॉगिनच्या रकान्यात कुणी तो मजकूर टाकला आणि आपण 'अमक्या नावानं लॉगिन फसलं' अशी भाबडी नोंद केली, की झालं. धोक्याच्या मापात दहापैकी दहा. 2.0 च्या बीटापासून 2.14.1 पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या.

आम्ही सगळे तेव्हा घरूनच काम करत होतो. मॅनेजरचा फोन आला, "आपण हे कुठेकुठे वापरतो? संध्याकाळपर्यंत क्लायंटला कळवायचंय."

साठ रेपोंत 'गिट ग्रेप' चालवून लॉगफोरजेचं नाव शोधायला मिनिटभरही लागलं नाही. यादी आली. पण ती यादी क्लायंटला पाठवण्याच्या लायकीची नव्हती. पहिली गोष्ट, नुसतं ग्रेप माझ्या मशीनवरच्या फाइलींत शोधतं. क्लेमच्या रेपोत मी त्या वेळी भलत्याच ब्रँचवर होते. म्हणून शोध सर्व्हरच्या मुख्य ब्रँचवर घ्यायचा. आता मुख्य ब्रँचचं नाव काय? 2020 च्या ऑक्टोबरपासून गिटहबनं नव्या रेपोंच्या मुख्य ब्रँचला 'मेन' म्हणायला सुरुवात केली आणि ते वारं आमच्याकडेही आलं. आमचे निम्मे रेपो 'मास्टर' आणि निम्मे 'मेन' अशी वाटणी झालेली. 'ओरिजिन हेड' म्हणून विचारलं की नावाची भानगड सुटते, पण ती खूण क्लोन केलं त्या दिवशीची असते. सर्व्हरवर मुख्य ब्रँच नंतर बदलली असेल तर 'रिमोट सेट-हेड'ला 'ऑटो' म्हणून ती सगळीकडे ताजी करून घ्यावी लागते. तेही केलं. तरी प्रश्न उरलाच, कारण ग्राहकाकडे चालतो तो मुख्य ब्रँचवरचा कोड नसून कधीकाळी रिलीज केलेला टॅग असतो. मग प्रत्येक रेपोचा प्रॉडक्शनवरचा टॅग कोणता, ते डिप्लॉयमेंटच्या माणसांकडून घेऊन त्या टॅगवर ग्रेप.

आणि मग कळतं, की ग्रेप मुळात चुकीचा प्रश्न विचारतंय. ते फाइलीत लिहिलेलं वाचतं. लॉगफोरजे मात्र कित्येकदा तिसऱ्याच लायब्ररीच्या पोटातून येतं आणि आमच्या फाइलीत त्याचं नावही नसतं. त्यासाठी प्रत्येक रेपोत मेव्हन या बिल्ड टूलला डिपेंडन्सींची अख्खी वंशावळ छापायला लावली. आता उलटी पंचाईत: जिकडेतिकडे लॉगफोरजे दिसायला लागलं. स्प्रिंग बूटवर लिहिलेल्या बहुतेक सर्व्हिसेसमध्ये 'लॉगफोरजे-एपीआय' हा भाग आपोआप येतो, पण प्रत्यक्ष नोंदी तिथे लॉगबॅक ही दुसरीच लायब्ररी करते. भोक 'लॉगफोरजे-कोअर'मध्ये होतं. कोअर नसेल तर नुसत्या एपीआयनं घाबरायचं कारण नाही. हे समजावत तिघा-चौघांचे फोन घेतले.

सगळ्यात शेवटी सुचायला नको होता तो प्रश्न सगळ्यात शेवटीच सुचला. माझी यादी माझ्या मशीनवरच्या फोल्डरांवरून बनत होती. जे रेपो मी कधी क्लोनच केले नाहीत त्यांचं काय? सर्व्हरच्या एपीआयकडून पूर्ण यादी मागवली तेव्हा पत्रांच्या छपाईशी जोडलेला एक जुना रेपो निघाला. त्यात कित्येक वर्षांत कमिट नव्हतं आणि ज्यानं लिहिला तो नोकरी सोडून गेला होता. सर्व्हिस मात्र चालू होती. एकही पत्र चुकत नव्हतं म्हणून तिची आठवण राहिली नव्हती.

त्या संध्याकाळी मॅनेजरला यादी गेली. तोवर उरकला होता तो अर्धा भाग, म्हणजे विचारण्याचा. आता बदल करायचे होते.

एक तरुण सहकारी म्हणाला, "अगं, तुझ्याकडे स्क्रिप्ट आहे ना? आठआठ करून एकदम बदलून टाकू."

"पॅरेंट आधी रिलीज होऊ दे."

आमच्याकडे बहुतेक सर्व्हिसेस एका सामाईक पॅरेंट रेपोकडून लायब्ररींच्या आवृत्त्या घेतात. त्याची नवी आवृत्ती रिलीज झाल्याशिवाय बाकीच्यांत तिचा आकडा टाकून उपयोग नसतो, बिल्ड लालच होणार. पॅरेंटनंतर सामाईक लायब्ररी, त्यांच्यानंतर सर्व्हिसेस. एकाच रेपोत हा बदल एका कमिटचा असता. इथे त्याला क्रम होता, टप्पे होते, आणि दोन टप्प्यांच्या मधे निम्मं जग नव्या आवृत्तीवर, निम्मं जुन्या, अशी अवस्था तासन्‌तास टिकत होती. सगळं एकदम करणारी स्क्रिप्ट याबाबतीत काहीच करू शकत नाही.

2.15.0 ही दुरुस्त आवृत्ती टाकून श्वास घेतोय तोवर 13 तारखेला 2.16.0 आली, कारण आधीची दुरुस्ती अपुरी निघाली. त्याच आठवड्याच्या शेवटी 2.17.0. आणि 28 ला, सुट्ट्यांच्या ऐन मध्यात, 2.17.1. दर वेळी तेच सगळं पुन्हा: ब्रँच काढा, आकडा बदला, कमिट, पुश, मर्ज रिक्वेस्ट. इथे मात्र स्क्रिप्टनं पैसे वसूल केले, त्याबद्दल वाद नाही. हातानं केलं असतं तर तिसऱ्या फेरीला कुणीतरी राजीनामाच टाकला असता.

पण एकसारख्या चाळीस मर्ज रिक्वेस्ट समोर आल्या की तपासणाऱ्याचं काय होतं, तेही तेव्हा पाहिलं. पहिल्या पाच तो वाचतो. दहाव्याला नजर फिरवतो. विसाव्याला नुसतं ॲप्रूव्ह दाबतो. एका रेपोत 'लॉगिंग व्हर्जन' या नावाची ओळ होती, ती आमच्याच घरगुती लॉगिंग लायब्ररीची. आकडा बदलणाऱ्या 'सेड'च्या पॅटर्नला ती आपलीच वाटली. सेडनं ती बदलली, आणि खरी ओळ, जिचं नाव वेगळं होतं, ती तशीच राहिली. गंमत म्हणजे घरगुती लायब्ररीची त्याच आकड्याची जुनी आवृत्ती आमच्या रिपॉझिटरीत होती, त्यामुळे बिल्ड हिरवा. दोघांनी ॲप्रूव्ह केलं. सापडलं ते सगळं झाल्यावर वंशावळ पुन्हा छापली तेव्हा. त्यानंतर आम्ही बदलाची खात्री बदल पाहून करणं सोडलं. जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारला होता तोच शेवटी साठही ठिकाणी पुन्हा विचारायचा, आणि उत्तर रिकामं आलं तरच काम संपलं म्हणायचं.

तेव्हापासून माझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजची स्क्रिप्ट फक्त विचारते: फेच, स्टेटस, लॉग, ग्रेप. तिच्यात पुल नाही, पुश नाही, काहीच बदलणारं नाही. बदलायचं असेल त्या वेळी त्या कामापुरती नवी स्क्रिप्ट लिहायची, रेपोंची नावं फाइलीत हातानं टाइप करायची आणि काम झालं की ती फेकून द्यायची. टीममधल्या काहींना हा सोवळेपणा वाटतो. वाटू दे.

त्यांना मी स्टॅशची गोष्ट सांगते. टीममध्ये नव्यानं आलेल्या एका मुलानं सगळ्या रेपोंत पुल करण्याआधी सगळीकडे 'गिट स्टॅश' चालवलं, म्हणजे अर्धवट काम बाजूला पडेल. पुल झाल्यावर सगळीकडे 'स्टॅश पॉप', म्हणजे ते परत येईल. एका रेपोत हे बरोबरच आहे. पण ज्या रेपोत बाजूला ठेवण्यासारखं काही नव्हतं तिथे स्टॅशनं 'काही बदल नाहीत' म्हटलं आणि काम फत्ते झाल्याचाच कोड परत दिला. पॉप मात्र तिथेही चाललं, आणि पूर्वी कधीतरी ठेवून विसरलेला स्टॅश उकरून बाहेर काढला. त्याच्या सात-आठ रेपोंत मागच्या वर्षीचे प्रयोग आजच्या कोडवर येऊन बसले. काही ठिकाणी कॉन्फ्लिक्ट झाले म्हणून कळलं तरी. जिथे झाले नाहीत तिथे ते पुढच्या कमिटमध्ये निमूटपणे जायच्या बेतात होते. एका रेपोत सुरक्षित असलेल्या दोन कमांडा साठ रेपोंत तशा राहत नाहीत, कारण साठही रेपो एकाच अवस्थेत आहेत हे आपण गृहीत धरतो आणि ते कधीच तसे नसतात.

यासाठी तयार टूल्स भरपूर आहेत. जोई हेसचं 'एमआर', ज्याला आता मायरेपोज म्हणतात, ते गिटबरोबर सबव्हर्जन, मर्क्युरिअल वगैरेही सांभाळतं. पायथॉनमधलं 'गिटा' आहे. रोबॉटिक्सवाल्यांचं 'व्हीसीएस टूल' आहे. खुद्द गिटमध्येही 'फॉर-ईच-रेपो' नावाची कमांड आली आहे, मुख्यतः साफसफाई यादीतल्या सगळ्या रेपोंत करता यावी म्हणून. पण मला सगळ्यात शिकवून गेलं ते गूगलचं 'रेपो', अँड्रॉइडसाठी लिहिलेलं. गूगलचा स्वतःचा बहुतेक कोड एकाच अजस्र रेपोत असतो. 2016 च्या त्यांच्या लेखात सुमारे 2 अब्ज ओळी आणि 86 टेराबाइट असे आकडे होते. त्याच कंपनीचं अँड्रॉइड मात्र शेकडो गिट रेपोंत आहे. 'रेपो'मध्ये सगळीकडे एकदम कमांड चालवायची 'फॉरऑल' आहेच, पण त्याचा जीव मॅनिफेस्ट या एक्सएमएल फाइलीत आहे. कुठले रेपो, कुठल्या फोल्डरात, कुठल्या ब्रँचवर हे तीत लिहिलेलं असतं. हवं तर त्या क्षणी प्रत्येक रेपो नेमक्या कुठल्या कमिटवर आहे हेही 'रेपो' तीत लिहून देतं. सगळ्या रेपोंचं मिळून एक कमिट गिट देत नाही ना, मग निदान त्याची पावती तरी. आम्ही टूल घेतलं नाही, कल्पना घेतली. आता प्रत्येक रिलीजबरोबर बिल्ड एक साधी टेक्स्ट फाइल बनवतो: रेपोचं नाव, पुढे कमिट. लॉगफोरजेच्या वेळी ती असती तर डिप्लॉयमेंटवाल्यांना इतके फोन करावे लागले नसते.

गेल्या वर्षी कंपनीनं कोडचा सर्व्हर बदलला. सगळ्या रेपोंचे पत्ते बदलणार होते आणि मेलमध्ये 'रिमोट सेट-यूआरएल'चा लूप जोडलेला होता, ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवर चालवावा म्हणून. मी तो चालवला नाही. गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये 'इन्स्टेड-ऑफ' नावाची सोय आहे. जुन्या पत्त्याच्या जागी नवा पत्ता वापर, असं एकदाच लिहिलं की प्रत्येक रेपो सर्व्हरकडे जाताना गिट तो बदल स्वतः करतं. साठातल्या एकाही रेपोला हात लागला नाही. ऑफिसच्या आणि घरच्या कमिटवर वेगवेगळा ईमेल जावा म्हणून मी फोल्डरवार 'इन्क्लूड-इफ' वापरते, तोही याच घराण्यातला.

दोनच दिवसांनी टीममधली नवी मुलगी स्क्रीन शेअर करून विचारत होती, "ताई, रिमोट व्ही केलं तर नवा पत्ता दिसतो आणि कॉन्फिग फाइल उघडली तर जुनाच आहे. कुठलं खरं?" तिला माझी कॉन्फिग पाठवली होती, समजावलं नव्हतं. फाइलीत आहे तो जुनाच, म्हटलं, आणि दाखवतं ते बदलून. बिल्डच्या मशीनवर मात्र तो लूपच चालवावा लागला, कारण तिथल्या ग्लोबल कॉन्फिगला हात लावायची परवानगी आम्हाला नाही. तिकीट टाकलंय.